उसाची पात, आबांचा डोळा आणि मदुराईतली चाचणी

शेवंती | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, हा धागा काढायला मला तीन महिने लागले. आबांचा डोळा एका जागी स्थिर होऊ दे, मग लिहीन, असं ठरवलं होतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. वाळवा तालुक्यातल्या आमच्या रानात आबा उभ्या उसाचं पाचट काढत होते. दुपारचे चार वाजले असतील. वाकले आणि एक पात सपकन उजव्या डोळ्यावर बसली. पाणी आलं, चुरचुरलं. त्यांनी पाटाच्या पाण्यानं डोळा धुतला, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसला आणि अंधार पडेपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल. संध्याकाळी आईनं गावातल्या मेडिकलमधून ड्रॉप आणला. चिठ्ठी नव्हती, कुणी मागितलीही नाही. त्या ड्रॉपनं दोन दिवस खरंच बरं वाटलं. लाली उतरली, ठणका थांबला. आबा म्हणाले, गुण आला.

पाचव्या रात्री ते उठून बसले ते झोपलेच नाहीत. सकाळी भावानं फोटो पाठवला. बुबुळावर भाताच्या शिताएवढा पांढरा ठिपका होता. मी पुण्याहून निघाले आणि सातव्या दिवशी आम्ही शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "आतापर्यंत डोळ्यात काय काय घातलं?" मी पर्समधून बाटली काढून दिली. त्यांनी लेबल वाचलं. त्यात प्रतिजैविक होतं आणि सोबत डेक्सामिथासोन, म्हणजे स्टेरॉइड. मग त्यांनी डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा कण खरवडून काचपट्टीवर घेतला. अर्ध्या तासात उत्तर आलं, बुरशी.

नॅटामायसिन नावाचा ड्रॉप मिळाला. दुधासारखा पांढरा. प्रत्येक वेळी बाटली नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि वरचं पाणीच डोळ्यात जातं. जागेपणी दर तासाला एक थेंब, पहिला आठवडा. नंतर दर दोन तासांनी. भावानं फोनला गजर लावले होते. तो ड्रॉप आमच्या तालुक्याच्या गावात तीन दुकानांत मिळाला नाही.

त्या दिवसांत मी रात्री वाचायला बसायचे. एवढंच कळून घ्यायचं होतं, की हे औषध कुणी नीट पारखून पाहिलंय का. तेव्हा सापडलं, की पारखलंय, आणि तेही आबांसारख्याच माणसांवर. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात, त्यांच्या पुद्दुचेरी आणि कोइमतूरच्या शाखांत, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांसोबत ही चाचणी झाली. डॉ. वेंकटेश प्रज्ञा आणि डॉ. थॉमस लीटमन ही त्यातली मुख्य नावं. बुरशीची जखम झालेले ३२३ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जुनं नॅटामायसिन, निम्म्यांना नवं आणि जास्त चर्चेतलं व्होरिकोनाझोल. तीन महिन्यांनी नजर मोजली, तर नॅटामायसिनवाल्यांना तक्त्यावर सरासरी जवळजवळ दोन ओळी जास्त दिसत होत्या. फ्युसेरियम नावाच्या बुरशीत तर चार ओळींचा फरक. बुबुळावरचा पारदर्शक पडदा फुटण्याचं (त्यालाच बुबुळ फुटणं म्हणतात) किंवा तो बदलायला तातडीनं रोपण करावं लागण्याचं प्रमाणही नॅटामायसिनमध्ये बरंच कमी.

हे वाचून धीर आला. पण पुढच्या रात्री जे वाचलं त्यानं झोप गेली. नेपाळमध्ये, काठमांडूजवळच्या भक्तपूरला, डॉ. मदन उपाध्याय यांच्या चमूनं सुमारे ३५ हजार वस्तीत दोन वर्षं काम केलं होतं. गावातल्याच साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं, की डोळ्याला ओरखडा उठला तर कसा ओळखायचा. आणि क्लोरॅमफेनिकॉल या प्रतिजैविकाचं १ टक्क्याचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस द्यायचं. ४४२ ओरखड्यांना ते दिलं. ज्या २८४ जणांना १८ तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यातल्या एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांची चिघळली. त्याहून उशिरा आलेल्या ४९ पैकी चौदा जणांची. हे २००१ साली छापून आलंय.

आबांना पात लागली दुपारी चारला. अठरा तास म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा. तेव्हा ते गोठ्यात होते. आमच्या घरापासून उपकेंद्र चालत दहा मिनिटांवर आहे.

तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत? लिहा. इथे बरेच जण शेतकरी घरातले आहेत म्हणून मुद्दाम इथेच विचारतेय.


बांधावरून | शनिवार, रात्री १०:०५

शेवंतीताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे बार्शी भागात ऊस कमी, पण तुरीचा आणि ज्वारीचा भुसा मळणीच्या वेळी डोळ्यात जातोच. माझ्या चुलत्याच्या डोळ्यात असंच फूल पडलंय, वीस वर्षं झाली. आम्ही समजायचो की नशिबाचा भाग आहे. ते "फूल" म्हणजे तुम्ही म्हणता ती जखम भरल्यावरचा व्रण का?


शेवंती | शनिवार, रात्री १०:२०

हो दादा. डॉक्टर बाईंनी तेच सांगितलं. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, पारपटल म्हणतात त्याला. तो चिघळून भरला की काच धुरकट होते. त्यालाच आपण फूल म्हणतो.


निळा_गाऊन | शनिवार, रात्री ११:३८

मी नेत्रतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात काम करतो. शेवंतीताई, तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात सुगीच्या दिवसांत रोज घडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन दिवसांत "गुण" का आला, ते आधी सांगतो. डोळा लाल होतो, दुखतो, सुजतो ते शरीर लढत असतं म्हणून. स्टेरॉइड ती लढाई बंद पाडतं. लाली जाते, ठणका जातो. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. पारपटल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्यामुळे आत शिरायला तिला फार वेळ लागत नाही. रुग्ण खूश असतो आणि आतून पडदा पोखरत असतो. म्हणून माझ्या दृष्टीनं लाल डोळा बरा, सात दिवस स्टेरॉइड घातलेला पांढराशुभ्र डोळा बरा नव्हे.

आता कुणी म्हणेल की मग डॉक्टर स्वतः का देतात स्टेरॉइड? त्यावरही नीट काम झालंय. जिवाणूंच्या जखमेत, आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देऊन मग स्टेरॉइड द्यावं का, यासाठी ५०० रुग्णांची चाचणी झाली. बहुतेक रुग्ण अरविंदमधलेच. निकाल २०१२ साली आला. एकंदरीत पाहता तीन महिन्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची नजर सारखीच. अगदी खराब नजर घेऊन आलेल्यांत थोडा फायदा दिसला. पण नोकार्डिया नावाच्या, मातीत राहणाऱ्या जिवाणूच्या जखमेत स्टेरॉइडनं नुकसान झालं. म्हणजे जंतू कोणता ते कळलेलं, वर योग्य प्रतिजैविक चालू, रुग्ण डोळ्यासमोर, तेव्हाच स्टेरॉइडचा विचार. दुकानाच्या काउंटरवर यातलं काहीच नसतं.


मृगनक्षत्र | रविवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे आजी डोळ्यात मध घालायची, बाळंतिणीचं दूधही घालायचे. आम्ही सगळे धडधाकट आहोत. सगळ्याच जुन्या गोष्टी वाईट ठरवू नयेत असं वाटतं. मधात जंतू मारायची ताकद असते हे आता विज्ञानही मान्य करतं ना?


निळा_गाऊन | रविवार, सकाळी ८:०२

ताई, आजीच्या हेतूबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण निरोगी किंवा नुसत्या थकलेल्या डोळ्यात घातलेला मध आणि ओरखडा उठलेल्या डोळ्यात घातलेला मध, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओरखडा म्हणजे उघडं दार. त्यातून स्वयंपाकघरातल्या बरणीतलं, बोटावरचं, पदरावरचं सगळं आत जातं. जखमेवर वापरायचा मध निर्जंतुक केलेला असतो, घरातला नसतो. दूधही तसंच. रुईचा चीक घातलेले रुग्ण मी पाहिलेत, त्यांचं पारपटल सुजून दुधी झालेलं होतं. कृपा करून ओरखड्यावर स्वच्छ पाण्याखेरीज घरातलं काहीही नको.


मृगनक्षत्र | रविवार, सकाळी ८:३०

पटलं. घरी सांगते.


काउंटरमागून | रविवार, सकाळी १०:४४

मी औषधाचं दुकान चालवतो, तालुक्याच्या ठिकाणी. धागा वाचून रात्रभर बेचैन होतो, कारण असा ड्रॉप मीही दिलेला आहे. किती वेळा ते मोजलेलं नाही.

आमच्या बाजूनं काय दिसतं ते सांगतो. माणूस येतो आणि म्हणतो, "डोळा आलाय, मागच्या वेळचं ते द्या." मागच्या वेळचं म्हणजे प्रतिजैविक आणि स्टेरॉइडचं मिश्रण, कारण त्यानंच लवकर बरं वाटतं. नुसतं प्रतिजैविक दिलं तर दुसऱ्या दिवशी परत येतो, "तुमच्या औषधानं काही झालं नाही." कायद्यानं ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, बाटलीवरही तसं छापलेलं असतं. आम्ही ते पाळत नाही, हे खरं आहे.

ज्यांना लेबल वाचता येतं त्यांच्यासाठी लिहितो. ड्रॉपच्या नावाकडे पाहू नका, घटकांची बारीक ओळ वाचा. डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांतलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. नावाच्या शेवटी "डी" किंवा "डीएक्स" असेल तर बहुतेक वेळा तेच असतं. डोळ्याला काही लागलेलं असेल तर डॉक्टरनं तपासल्याशिवाय ते घालू नका, दुकानदारानं दिलं तरी.

काल रात्री आमच्या दोन्ही मुलांना, म्हणजे कामावरच्या, हे सांगितलंय. "शेतात काही लागलं का?" हे विचारल्याशिवाय डोळ्याचं काहीही द्यायचं नाही.


शेवंती | रविवार, सकाळी ११:२०

दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती तीन महिने स्वतःला दोष देत होती, मीच ड्रॉप आणला म्हणून. तुम्ही इतक्या उघडपणे लिहिलंत त्याचा तिला खूप आधार वाटला.


प्रश्नचिन्ह | रविवार, दुपारी १२:५०

एक अवघड प्रश्न विचारतो. ही सगळी संशोधनं गरीब शेतकऱ्यांवरच का होतात? अमेरिकेचा पैसा, अमेरिकेचं विद्यापीठ, आणि डोळे तमिळनाडूतल्या मजुरांचे. चिठ्ठी टाकून ज्याला वाईट औषध मिळालं त्या माणसाचं काय? त्याचा अंगठा घेतला म्हणजे संमती झाली का?


निळा_गाऊन | रविवार, दुपारी २:१०

प्रश्न रास्त आहे.

त्या शेतकऱ्यांवर का, याचं एक साधं उत्तर म्हणजे आजार त्यांना होतो. मदुराई जिल्ह्यात १९९३ च्या आकड्यांवरून काढलेलं प्रमाण दर लाख लोकांमागे वर्षाला ११३ पारपटलाच्या जखमा इतकं होतं. अमेरिकेत हे प्रमाण कितीतरी कमी, आणि तिथे बुरशी तर क्वचितच. तिथल्या रुग्णांवर चाचणी करायची म्हटली तर ३२३ माणसं गोळा व्हायला कित्येक वर्षं जातील आणि उत्तरही त्यांच्याच आजाराचं मिळेल.

चिठ्ठीत ज्यांना व्होरिकोनाझोल आलं त्यांच्याबद्दल. चाचणी सुरू झाली तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की कोणतं औषध खालचं आहे. उलट बरेच डॉक्टर व्होरिकोनाझोल जास्त चांगलं समजून देत होते, कारण ते पारपटलात खोल जातं आणि प्रयोगशाळेत बुरशीला मारतं. औषधाशिवाय कुणालाही ठेवलं नव्हतं. चाचणीवर वेगळी देखरेख समिती होती. एका गटात बुबुळ फुटायचं प्रमाण जास्त दिसू लागल्यावर तिच्या सल्ल्यानं ठरलेल्या संख्येआधीच भरती थांबवली.

चाचणी झालीच नसती तर काय झालं असतं, तेही पाहा. आम्ही सगळे महागडं औषध चांगलं समजून देत राहिलो असतो. चिठ्ठी न टाकता, संमती न घेता, आणि निकाल न मोजता.


प्रश्नचिन्ह | रविवार, दुपारी ३:३५

डॉक्टर, शेवटचं वाक्य पटलं. अंगठ्याबद्दलची माझी शंका मात्र राहते, समजावून सांगणारा कोण आहे यावर सगळं अवलंबून आहे. आणि आणखी एक गोष्ट बोचते. त्या ३२३ माणसांनी दुखऱ्या डोळ्यानं तीन महिने फेऱ्या मारून हे उत्तर मिळवून दिलं. ते औषध शेवंतीताईंना तालुक्याच्या तीन दुकानांत मिळालं नाही. मग त्यांचं देणं कुणी फेडलं?


शेवंती | रविवार, दुपारी ४:००

हेच. मला नेमकं हेच म्हणायचं होतं.


काचपट्टी | रविवार, संध्याकाळी ६:२५

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. डोळ्याच्या काचपट्ट्या रोज पाहते. शेवंतीताईंच्या डॉक्टरांनी आधी खरवड घेतली आणि मग औषध दिलं, याचं महत्त्व सांगावंसं वाटलं.

काचपट्टीवरच्या कणावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तसेच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते फांद्या फुटलेल्या मुळांसारखे दिसतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, महागडं यंत्र लागत नाही. उरलेला कण संवर्धनाला, म्हणजे त्यातली बुरशी वाढवायला ठेवतो, त्यात बुरशीची जात कळायला काही दिवस जातात.

पण एक फसवा जीव आहे, पिथियम. धागे बुरशीसारखेच, पण ती बुरशी नव्हेच. पाणथळ जागेत वाढते, तिची जात शेवाळांच्या जवळची. बुरशीची औषधं तिच्यावर चालत नाहीत, कारण ती औषधं बुरशीच्या आवरणातल्या ज्या घटकावर मारा करतात तो तिच्याकडे जवळजवळ नसतोच. आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही जिवाणूंची औषधं तिच्यावर चालवून पाहिली, आणि बऱ्याच डोळ्यांत उपयोग झाला. म्हणून नॅटामायसिन आठ-दहा दिवस व्यवस्थित घालूनही जखम वाढतच असेल, तर पुन्हा खरवड घ्यायला डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि खरवड घ्यायच्या आधी कुठलेही ड्रॉप घालून येऊ नका, आम्हाला काही सापडत नाही मग.


बांधावरून | रविवार, रात्री ८:०४

माझ्या मेव्हण्याला बुरशीसाठी गोळ्या पण दिल्या होत्या, खूप महाग होत्या. शेवंतीताईंच्या आबांना गोळ्या दिल्या नाहीत का?


निळा_गाऊन | रविवार, रात्री ९:१५

व्होरिकोनाझोलच्या गोळ्यांचीही वेगळी चाचणी झाली, भारत आणि नेपाळमध्ये, २४० रुग्ण, निकाल २०१६ साली. सगळ्यांना ड्रॉप होतेच, निम्म्यांना वर गोळ्या. एकंदरीत बुबुळ फुटायचं प्रमाण कमी झालं नाही आणि गोळ्यांचे त्रास वाढले. फ्युसेरियम असलेल्यांत थोडा उपयोग असावा असं दिसलं, म्हणून फार खोल गेलेल्या जखमेत काही डॉक्टर आजही देतात. तुमच्या मेव्हण्यांच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. पण कर्ज काढून प्रत्येकानं घ्याव्यात अशा त्या गोळ्या नाहीत.

आणखी एक चाचणी याच संदर्भात. नॅटामायसिन मिळत नाही तिथे क्लोरहेक्सिडीन हे स्वस्त जंतुनाशक चालेल का, हे नेपाळमध्ये लहान नावाच्या गावातल्या नेत्र रुग्णालयात ३५४ रुग्णांवर पाहिलं. नॅटामायसिनच सरस ठरलं. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतून सापडलेलं हे औषध, चीजवर बुरशी येऊ नये म्हणूनही वापरतात, ते दोनदा नव्या स्पर्धकांना पुरून उरलं. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.


सातासमुद्रापार | सोमवार, पहाटे ५:३०

मी अमेरिकेत असते. इथे शेतातली पात नसते, पण २००६ साली काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत फ्युसेरियमचीच साथ आली होती. १६४ रुग्णांची खात्री झाली होती, कारण शोधता शोधता लेन्स ठेवायच्या एका द्रावणापर्यंत पोचले आणि ते जगभरातून परत घेतलं गेलं. त्या रुग्णांतल्या अनेकांना रोपण करावं लागलं. तेव्हा मी नुकतीच इथे आले होते आणि लेन्स वापरायचे. माझ्या मुलीला आता मी रोज सांगते, लेन्स घालून झोपायचं नाही, नळाच्या पाण्यानं धुवायची नाही.


दुपारची_शाळा | सोमवार, सकाळी ९:५०

विषय थोडा वेगळा, पण स्टेरॉइडचाच. माझा मुलगा नऊ वर्षांचा. दर उन्हाळ्यात डोळे खाजतात, चोळून चोळून लाल करतो. ॲलर्जी म्हणून एका डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी ड्रॉप दिला होता. छान गुण आला, म्हणून पुढच्या वेळी आम्हीच दुकानातून आणला, मग त्याच्या पुढच्या वेळीही. आता काउंटरमागून यांची यादी वाचून बाटली पाहिली. लोटेप्रेडनॉल आहे. मी काय करू?


निळा_गाऊन | सोमवार, दुपारी १:०५

ताई, घाबरू नका, पण याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि डोळ्याचा दाब मोजून घ्या. स्टेरॉइडनं काही मुलांत दाब वाढतो, तो दुखत नाही, मुलाला कळत नाही, आणि डोळ्याची नस हळूहळू सुकते. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. लोटेप्रेडनॉल त्यातल्या त्यात सौम्य, म्हणून बहुतेक काही झालेलं नसेल. किती बाटल्या झाल्या ते डॉक्टरांना मोजून सांगा. तोवर थंड पाण्याच्या घड्या ठेवा आणि डोळे चोळू देऊ नका. ॲलर्जीसाठी दुसरी, लांब मुदतीला चालणारी औषधं आहेत.


सदाफुली | सोमवार, दुपारी ३:४०

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. हा सगळा धागा वाचून भीती बसलीय. ऑपरेशननंतर जंतू गेले तर?


निळा_गाऊन | सोमवार, रात्री १०:२२

भीती धरू नका, ऑपरेशन जरूर करा. अरविंदमध्येच सहा लाखांहून जास्त डोळ्यांच्या नोंदी तपासल्या, २०१७ साली छापून आल्या. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिनचा थेंबभर डोस सोडायला सुरुवात केल्यावर आतल्या संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ वर आलं. म्हणजे दहा हजारांत सात होते, ते दोन झाले. तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते हे देतात का. आणि घरी आल्यावर नजर अचानक कमी झाली, डोळा जास्त दुखला किंवा लाल झाला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दाखवा.


गावकुसाबाहेर | मंगळवार, सकाळी ६:५५

माझ्या भावाचं बुबुळ फुटलं होतं. आम्ही पंधरा दिवस उशिरा पोचलो. रात्री अकराला नेत्रपेढीतून पारपटल आलं आणि त्याच रात्री रोपण झालं. नजर फारशी आली नाही, पण डोळा वाचला, काढावा लागला नाही. ते पारपटल कुणाचं होतं ते आम्हाला कधी कळणार नाही. त्या घरानं मयताच्या दिवशी, रडणं चालू असताना, फोन केला होता एवढं कळलं. आमच्या घरातल्या आठ जणांनी नंतर अर्ज भरले. पण नुसता अर्ज पुरत नाही, मागे राहणाऱ्यांना माहीत पाहिजे आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन गेला पाहिजे. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा.


काचपट्टी | मंगळवार, सकाळी ११:१०

गावकुसाबाहेर, तुमचं वाचून आठवलं. जगातलं पहिलं यशस्वी पारपटल रोपण १९०५ च्या डिसेंबरात झालं. आज चेक देशात असलेल्या ओलोमोउत्स गावात, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी केलं. रुग्ण शेतमजूर होता, चुन्यानं दोन्ही डोळे भाजलेला. एका डोळ्यातलं रोपण टिकलं.

आपल्याकडे आजही चुना डोळ्यात जातो, तंबाखूबरोबरच्या पुडीतला. लहान मुलं पुडी दाबतात आणि ती फुटून थेट डोळ्यात. तिथे १८ तास नाहीत, मिनिटं आहेत. जिथे असाल तिथे, मिळेल त्या स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास डोळ्यावर धरा, पापणी उलटून आतले खडे निघतील असं पाहा, आणि मग दवाखाना. आधी दवाखाना शोधत बसू नका.


बांधावरून | मंगळवार, रात्री ८:३०

डॉक्टर, एक विचारतो. ते क्लोरॅमफेनिकॉलचं मलम घरात आणून ठेवू का? मळणीच्या दिवसांत?


निळा_गाऊन | मंगळवार, रात्री ११:०१

याचं उत्तर जपून देतो. भक्तपूरसारखंच काम नंतर दक्षिण भारतातल्या खेड्यांतही झालं. तिथे एका गटाला प्रतिजैविकाच्या मलमाबरोबर बुरशीचं मलमही दिलं, दुसऱ्याला नुसतं प्रतिजैविक आणि सोबत बिनऔषधाचं मलम. दोन्हींत जवळजवळ सगळे बरे झाले. म्हणजे ओरखडा लवकर झाकला गेला की बुरशीलाही जागा मिळत नाही असं दिसतं. पण पुढे नेपाळमध्येच गावांचे गट पाडून मोठी चाचणी केली, तेव्हा कार्यकर्ते नेमलेल्या गावांत आणि इतर गावांत जखमांच्या एकूण प्रमाणात फरक दिसला नाही. मलम निकामी आहे असा मी त्याचा अर्थ घेत नाही. बरीच माणसं कार्यकर्त्यापर्यंत पोचतच नाहीत, असं मला वाटतं. शेवंतीताईंचे आबा दहा मिनिटांवरच्या उपकेंद्रात गेले नाहीत, तसंच.

म्हणून सांगतो, मलम घरात ठेवण्यापेक्षा लागल्याबरोबर, त्याच दिवशी, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे पिवळा रंग घालून ओरखडा दिसतो. डोळ्यात काही घुसलेलं असेल तर चोळू नका, दाबू नका, मलमही घालू नका, वरून वाटीसारखं झाकण ठेवून थेट नेत्रतज्ज्ञांकडे. पांढरा ठिपका दिसत असेल तर मलमाची वेळ गेलेली असते, तिथेही थेट नेत्रतज्ज्ञ.


शेवंती | बुधवार, रात्री ९:४५

सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, पण प्रत्येक प्रतिसाद आई-आबांना वाचून दाखवलाय.

आज आबांची तपासणी होती. पहिल्या दिवशी त्या डोळ्यानं समोरची बोटंही मोजता येत नव्हती. आज तक्त्यावरची वरून तिसरी ओळ वाचली. फूल राहिलंय, बरोबर मध्यावर नाही, थोडं नाकाच्या बाजूला. रोपणाचा विचार वर्षभरानं करू, असं डॉक्टर बाई म्हणाल्या.

इथल्या आशाताईंना धागा पाठवला. उपकेंद्रात मलम आहे, मी स्वतः पाहून आले. ग्रामसभेत पाच मिनिटं मागितली आहेत, तिथे १८ तासांचं सांगणार आहे. काउंटरमागून दादा, तुमची घटकांची यादी मोठ्या अक्षरात छापून गावातल्या मेडिकलमध्ये द्यायचीय, चालेल ना? त्या दुकानदारांशी भांडायला गेले नव्हते, आता बोलायला जाणार आहे.


काउंटरमागून | बुधवार, रात्री १०:१०

चालेल काय, मीच छापून पाठवतो. पत्ता निरोपात कळवा. आणि नॅटामायसिनच्या चार बाटल्या मागवून ठेवल्यात, चिठ्ठी पाहूनच देईन.


बांधावरून | बुधवार, रात्री १०:३२

ताई, आबा परत रानात जायला लागले का? चष्मा घालतात का? मी काल प्लास्टिकचा गॉगल घालून पाहिला, घामानं दहा मिनिटांत धुरकटतो.


शेवंती | बुधवार, रात्री १०:५०

जातात, ऐकत नाहीत. गॉगलचं आमचंही तसंच झालं. मग भावानं गवत कापायच्या मशीनबरोबर मिळतो तो तारेच्या जाळीचा चष्मा आणला. धुरकटत नाही, वारा लागतो. बारीक भुसा जाळीतून आत येईल, पण पात अडते. उसाला हा चालेल, तुमच्या मळणीला मात्र बंद गॉगलच पाहा, बाजूला भोकं असलेला.